बोटभर चीर

माझ्या हातातल्या ट्रेमधले कप किणकिणले, तेव्हा कुठे बैठकीतली मंडळी बोलायची थांबली. माझ्या हृदयाची झडप दुरुस्त करून मला घरी आणलं, त्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. मावशी आणि काका मला बघायला आले होते.

"अगंबाई, तू तर चालतेफिरतेस की!" मावशी म्हणाल्या.

"हल्ली दुर्बिणीतून करतात. बरगड्यांमधून बोटभर चीर, झालं काम!" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची अख्खी छाती उघडली होती. दोन-तीन महिने इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी."

सासऱ्यांनी लगेच शर्टाची बटणं काढून व्रण दाखवला. सगळे हळहळले. माझी चीर छातीखाली, झाकलेल्या जागी. ती दाखवायची सोय नव्हती.

काकांना साखर कमी वाटली, म्हणून मी परत आत गेले. डबा काढायला हात वर केला आणि तसाच खाली आणला. मागोमाग आलेली लेक माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तुझी जखम कुणी बघितलीच नाही. मग ती बरी झाली, हे सगळ्यांना कसं कळलं?"