ऐका आणि सांगा

“आधी मास्क खाली घ्या, मग बोला,” डॉक्टर आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. “तोंड झाकलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.”

सिस्टरनं मास्क हनुवटीवर ओढला. “मास्तरांना काल दिवसभर खोकला होता. सकाळपासून धाप लागतेय.”

खाटेवरचे निवृत्त शाळामास्तर उशांना टेकून बसले होते. डॉक्टरांनी स्टेथो कानाला लावला, डोळे मिटले आणि तो त्यांच्या पाठीवर सावकाश फिरवला. ऐकताना ते समाधी लावल्यासारखे व्हायचे. मध्येच कुणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. मग डोळे उघडून ते बाजूला सरले.

“आता तुम्ही, सिस्टर. ऐका आणि सांगा.”

ही त्यांची जुनी पद्धत. कुठलाही रोगी असो, आधी स्वतः ऐकायचं, मग तिला ऐकायला लावायचं, आणि ती काय सांगते ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत समजून घ्यायचं. बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, “डॉक्टरांनी तुला मानसकन्या केलंय बाई!” तिला मात्र दर वेळी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं.

“डावीकडे खाली हवा पोचतच नाहीये,” ती चाचरत म्हणाली. “पाणी झालं असावं.”

“बरोबर. छातीचा फोटो काढून घ्या.”

मास्तर धापा टाकत हसले. “पास झालीस ग पोरी.”

ती नेहमीच पास व्हायची. इतक्या वर्षांत डॉक्टर एकदाही ‘चुकलं’ म्हणाले नव्हते. तिला त्याचीच धास्ती होती. कधी ना कधी आपण सपशेल तोंडावर आपटणार, याबद्दल तिची खात्री होती.

आणि आज संध्याकाळच्या आत तिला उत्तर द्यायचं होतं. नर्स प्रॅक्टिशनरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिची निवड झाली होती. जायचं की नाही, एवढंच सांगायचं होतं. त्या एवढ्याशा शब्दानं तिची झोप उडवली होती.

“म्हणजे नक्की काय करायचं असतं ग?” सासूबाईंनी सकाळीच विचारलं होतं.

“रोगी मीच तपासायचा. निदान मीच करायचं. औषधही मीच लिहून द्यायचं.”

“मग आत्ता काय करतेस?”

“आत्ता डॉक्टर असतात ना!”

“भित्री भागूबाई!” नवरा आतून म्हणाला होता. “तू जा. घर मी बघतो. फार तर रोज दूध उतू जाईल.”

त्याला हसायला काय जातं? मरणं तिनं पुष्कळ पाहिली होती, ती कुणाला चुकलीत? पण आपल्या एकटीच्या शब्दावर विसंबून कुणीतरी बूट घालून हसत घरी जाईल आणि पुन्हा उठणारच नाही, हा विचार तिच्या मनातून जात नव्हता.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. डॉक्टर अगदी त्याच्याजवळ बसले होते, पण फोन उचलणं हे काम त्यांनी कधीच तिच्यावर टाकून दिलं होतं. ती धावली. मोठ्या सिस्टर होत्या, सगळ्या नर्सांच्या मुख्य.

“काय ठरलं तुझं?”

“विचार चाललाय.”

“विचार कसला करतेस, हो म्हणून टाक! डॉक्टर माझ्या मागे हात धुऊन लागलेत. तू शिकून आलीस की ते घरी बसायला मोकळे, म्हणतात.”

म्हणजे शिकून परत आल्यावर डॉक्टरही नसणार. बुडत्याला काडीचा आधार, आणि ती काडीच चालली होती.

तासाभरात मास्तरांचा फोटो आला. तिनं तो उजेडात धरला. डावीकडे खाली पांढरं. तिनं सांगितलं होतं तिथंच. क्षणभर बरं वाटलं, पण क्षणभरच. डॉक्टरांनी ऐकून ठेवलं होतं म्हणून आपल्याला बोलायचा धीर झाला. यात आपली कसली मर्दुमकी? नको रे बाबा ते शिक्षण. तिचं ठरलं.

उकळून काढलेल्या हत्यारांचा स्टीलचा ट्रे घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर दाराकडे पाठ करून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. तेच बरं, तिला वाटलं. तोंडावर सांगायला जीभ रेटली नसती.

“डॉक्टर, मी नाही जात शिकायला.”

डॉक्टरांची पाठ हलली नाही. रागावले वाटतं.

“रागावू नका. मला खरंच फार भीती वाटते. इथं तुम्ही आधी ऐकलेलं असतं. माझं चुकलं तरी तुम्ही सावरून घ्याल, या भरवशावर मी तोंड उघडते. तिथं माझ्याआधी ऐकणारं कोण असेल?”

डॉक्टर एक अक्षर बोलले नाहीत. ती भरलेला ट्रे टेबलावर ठेवायला गेली, तर तो कडेवरून निसटून फरशीवर आदळला. कात्र्या, चिमटे, वाट्या खणखणत दारापर्यंत गेल्या. पलीकडच्या खोलीतलं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. आया हातातलं काम टाकून धावत आली.

खिडकीशी डॉक्टर शांतपणे कुंडीला पाणी घालत होते.