पाहुण्यांना न सांगायची पुळण

अनिक कड्यावरच थबकली. खाली तिच्या पुळणीवर माणसं होती.

अनोळखी कुणी असतं तर तिनं वरूनच चार शिव्या हासडल्या असत्या. पण हे पॅरिसचं देलमास जोडपं, तिच्याच गोठ्यात उतरलेलं. म्हणजे पूर्वीच्या गोठ्यात. गाई गेल्यावर तिच्या मुलानं, लोईकनं, तिथं सुट्टीवर येणाऱ्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. म्हातारा गुडघाभर पाण्यात दगड उलटत होता आणि उलटलेला तसाच टाकून पुढं जात होता. त्याची बायको हातातली शिंपी उन्हात धरून निरखत होती.

आमच्या या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला समुद्र पार मागं सरतो आणि दगडांखाली कानाच्या आकाराच्या शिंप्या सापडतात. आतलं मांस ठेचून खाऱ्या लोण्यात परतलं की जेवताना कुणी बोलत नाही. त्या कुठं मिळतात हे मात्र विचारायचं नसतं. विचारलंच तर समोरचा हवापाण्यावर बोलायला लागतो. ही जागा आई मुलीला नेऊन दाखवते, मुलगी नसली तर सुनेला, आणि तीही सून मनात भरल्यावर. अनिकला मुलगी नव्हती. सून होती, सोलेन, पण ती समुद्रापासून लांबच्या गावची, आणि अनिकचं तिला पारखणं अजून चाललंच होतं.

पाहुण्यांना किनारे सांगायचं काम सोलेनचं. सकाळी कॉफी देताना ती वारा बघायची आणि कुणी कुठं जायचं ते ठरवून टाकायची. पोरंबाळं असतील तर उथळ पाण्याचा मोठा किनारा. नवीन लग्न झालेलं जोडपं असेल तर दीपगृहापलीकडे, तिथं फारसं कुणी फिरकत नाही. वारा पश्चिमेचा असला तर वाळूच्या टेकड्यांकडे अजिबात नको, दुपारच्या भाकरीत वाळू येईल. पाहुणे दिवसभर भटकून संध्याकाळी लालबुंद होऊन परतायचे आणि सोलेनचं कौतुक करायचे. अनिकची पुळण तेवढी कुणाला कळत नव्हती. सोलेनलाही ती माहीत नाही, असंच अनिक आजवर धरून चालली होती.

ती खाली उतरलीच नाही. रिकामी टोपली घेऊन घरी आली आणि दारातूनच सुनेवर घसरली. माझ्या मागावर राहिलीस, माझ्या आईची जागा परक्यांच्या पायाखाली घातलीस, असं म्हणता म्हणता तिनं सोलेनचं माहेरही काढलं. लोईक टेबलाशी पावाला लोणी लावत होता. लावून झालं तरी लावतच होता.

सोलेननं सगळं ऐकून घेतलं. ओले हात पुसले.

"आई, या घरात आल्यापासून तुमची टोपली मीच रिकामी करतेय. धुते, ठेचते, परतते. कुठून आणता, हे एकदा तरी विचारलं का? तुम्ही आपणहून न्याल म्हणून थांबले होते. चोरून यायचं असतं तर पहिल्याच वर्षी आले असते."

अनिकनं मुलाकडे पाहिलं.

"मी सांगितलं," लोईक मान न उचलता म्हणाला. "भली माणसं आहेत. त्यात काय एवढं?"

अनिकनं रिकामी टोपली टेबलावर ठेवली. पोटचा पोरगा. तान्हा असताना याच टोपलीत बसून तो त्या पुळणीवर यायचा. घरदार त्याच्या नावावर करून देताना तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. आणि स्वतःच्या चुकीवरून बायकोचा एवढा उद्धार चालला असताना हा गप्प लोणी लावत बसला, याचं तिला जास्त लागलं.

पण आईच ती. दुपारपर्यंत तिनं त्याच्या वतीनं स्वतःचीच समजूत घातली. पाहुण्यांपुढं मिरवायची खोड बापाची, ती याच्यात उतरलीय. आणि यंदा तर पोरगा घरासाठी किती राबत होता. खिडक्यांना नवा निळा रंग दिला, गळकं छप्पर दुरुस्त केलं, कित्येक वर्षं अडकणारं फाटकसुद्धा नीट केलं. अशा पोरावर किती दिवस रागावणार? सुनेपुढं मात्र तिला मान वर करवत नव्हती.

"चल माझ्याबरोबर," ती सोलेनला म्हणाली. "त्यांना दगड पुन्हा पालथे घालायला तरी शिकवू. नाहीतर खालचं सगळं उन्हानं मरतं. पुढच्या ओहोटीला तू नि मी जाऊ तेव्हा काहीतरी उरायला हवं ना."

सोलेननं पायात बूट चढवले.

देलमासबाई दारातच भेटल्या. अनिकनं जमेल तितक्या गोड शब्दांत दगडांचं सांगितलं, आणि ही जागा आणखी कुणाच्या कानावर घालू नका, अशी विनवणीही केली. बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी अनिकचे दोन्ही हात हातात घेतले.

"चुकलंच आमचं. आता एकेक दगड जागच्या जागी ठेवू, अगदी निर्धास्त राहा. लोईक म्हणालेच, आधी ती पुळण बघा, मग घराला नाही म्हणूच शकणार नाही. खरं सांगू, आमचं मन धजत नव्हतं. पण तुम्ही दोघी शहरातल्या नव्या जागेत जायला इतक्या आनंदानं तयार झालात, हे त्यांच्याकडून कळलं, तेव्हाच आम्ही हे घर घ्यायचं नक्की केलं."