हातमोजा

बेटावरची पफिन पक्ष्यांची मोजणी बंद करायची का, हे ठरवायला ऑस्लोहून साहेब आला. "तोरुनबाई, चाळीस वर्षं तीच बिळं चाचपताय? कंटाळा नाही येत?" मी माझा कातडी हातमोजा पुढे केला. "घाला हात. आत पक्षी असला तर कडकडून चावेल." बिचकतच त्यानं गवतात पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला. मग पुढच्या बिळात, मग त्याच्या पुढच्या. पूर्वी या उतारावर जमिनीखालून पक्ष्यांची घुरघुर यायची. अंथरुणात माझ्या तळव्यांना ती अजून जाणवते. "उगीच घाबरवलंत की!" तो हसत उठला. "कुणीसुद्धा चावलं नाही. तुमचा नवाकोरा हातमोजा वाचला." "आधी दर उन्हाळ्यात नवा लागायचा," मी म्हणाले. "चोचींनी चिंध्या व्हायच्या. हा नऊ वर्षांचा आहे." साहेबानं हातमोजा काढला आणि पुन्हा पालथं पडून उघडा हात बिळात घातला.