नव्या टॉवरवाली नेहा

सासूबाई भाईंदर पश्चिमेला एकट्याच राहतात. रविवारी बाळाला घेऊन गेले, तर जेवताना त्यांचा फोन वाजला. नव्या टॉवरमधले फ्लॅट विकणारी कुणी नेहा होती. "आंटी, साइट व्हिजिट को कब आ रहे हो?"

"रोज करते गं ही," फोन ठेवत आई म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे तो नंबर ब्लॉक करून दिला. "आता बघा आई, कशी शांतता होते!"

बुधवारी बाळाला थोपटत होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला. एरवी त्या आपणहून कधी करत नाहीत.

"रसिका, कामात नाहीस ना? ते ब्लॉक केलेलं परत सुरू कसं करायचं गं?"

"का हो? फ्लॅट घेताय की काय?" मी हसले.

"छे गं! ती आधी 'आंटी, खाना हुआ?' असं विचारते ना."

"अहो, पण तिला एकदा स्पष्ट नाही म्हणून टाका की."





"अगं, मी तर रोज सांगते, घरच्यांना विचारून कळवते. नाही म्हटलं, तर उद्या कशाला फोन करेल ती?"