त्या मंगळवारची संध्याकाळ

ज्यूरीच्या प्रमुखाने "निर्दोष" म्हटलं आणि युलिस तडक दाराकडे निघाला. बाकी सगळं कोर्ट टाळ्या पिटत होतं.

सिनेटरच्या खुनाच्या कटाच्या आरोपातून कॉफीचा व्यापारी ऑक्टाव्ह लानू सुटला होता. युलिस महिनाभर रोज येऊन बसला होता, पण न्यायाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला एकच ऐकायचं होतं. दोन वर्षांपूर्वी, कार्निव्हलच्या मंगळवारी संध्याकाळी कट शिजला असं सरकार म्हणत होतं. तेव्हा ऑक्टाव्ह होता कुठे? कट शिजला त्या घरात नव्हतो, यापलीकडे तो बोलला नाही. जन्मठेप समोर दिसत असताना पुरुष गप्प बसतो तो बाईसाठीच, असं न्यू ऑर्लिन्सभर बोललं जात होतं. ती बाई कोण, हे युलिसने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळी त्याची बायको क्लोटिल घरी नव्हती. शेजारणीनेच तसं सांगितलं होतं.

दोघे एकत्र वाढलेले, पण लहानपणापासून सगळं ऑक्टाव्हलाच मिळत आलं. उंची त्याला, आवाज त्याला. युलिसची आईसुद्धा म्हणायची, जरा ऑक्टाव्हसारखा ताठ उभा राहा. युलिसचं स्वतःचं असं एकच होतं. त्याच मंगळवारी कार्निव्हलच्या मिरवणुकीत तो आपल्या मंडळाचा राजा होता. सकाळपासून इतकी प्याला होता की रथावरचं त्याला काही आठवत नव्हतं. पण मुखवट्यातल्या राजाने रिवाजाप्रमाणे रथ थांबवून आईच्या गॅलरीकडे पेला उंचावला, हे सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आई त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली होती, काल माझा लेक किती ताठ उभा होता. त्या उन्हाळ्यात ती गेली. तेवढं वाक्य त्याच्यापाशी उरलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने ऑक्टाव्हची बाही पकडली. आता सुटलास ना, मग सांग, माझ्या बायकोबरोबर होतास की नाही?

ऑक्टाव्हचे केस दोन वर्षांत पिकले होते. त्याने युलिसच्या मागोमाग आलेल्या क्लोटिलकडे पाहिलं.

"घरी जा, युलिस. चांगली झोप काढ."

युलिसने हात उगारला. क्लोटिलने तो वरच्यावर धरला.

"होते मी त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "तू मंडळाच्या गोदामात लोळत पडला होतास. राजा रथावर चढला नसता तर तुला हाकलून दिलं असतं त्यांनी. तुझा झगा, तुझा मुखवटा मी याला चढवला आणि रथाबरोबर चालत राहिले. कोर्टात सांगते म्हटलं, तर हाच नको म्हणाला."

लोक येऊन ऑक्टाव्हला मिठ्या मारत होते. युलिसचा हात खाली आला.

"म्हणजे तेही त्याचंच," तो म्हणाला. "आई म्हणाली ते."

"क्लोटिल, पुरे," ऑक्टाव्ह म्हणाला.

ती थांबली नाही.

"याने पेला उंचावला तेव्हाच सासूबाईंनी याला ओळखलं होतं. बुधवारी पहाटे याच्या दारात गेल्या आणि शपथ घातली, माझ्या लेकाला हे कधी कळू देऊ नकोस. मग घरी येऊन त्यांनी तुला उठवलं, तुझ्या गालावरून हात फिरवला."