मुका मार

टपालवाला उघड्या पाठीने बाकावर पालथा पडला होता आणि म्हातारा वैद्य त्याच्या खांद्यांत मलम जिरवत होता.

"पिशवी एकाच खांद्यावर घेतोस. किती वेळा सांगितलं?"

"काका, आत आलो तेव्हा ओंडका होतो. आता जरा माणूस झालो."

वैद्य हसला, पण बेताने. फार हसलं की कमरेतून कळ निघत होती. परवा या मलमाच्या फुलांसाठीच तो डोंगरावर गेला होता; झाडं संपतात त्याच्याही वर, नुकतंच बर्फ वितळलेल्या उतारावर. ती पिवळी फुलं तिथे जेमतेम तीन आठवडे असतात. टोपली भरली आणि उतरताना पाय सटकला. पाठीवर आपटला, पण टोपली कलू दिली नाही. घरी येऊन फुलं तेलात घातली, बरणी उन्हात ठेवली आणि मगच कण्हला.

मुका मार, लचक, आखडलेली पाठ, यावर त्या फुलांचा गुण हमखास. उघड्या जखमेवर मात्र लावायचं नाही, पोटात घ्यायचं नाही आणि चोळणारा हात दुसऱ्याचा हवा. हे शेवटचं तो कुणाला सांगत नसे. सांगावं लागत नसे.

टपालवाल्याने सदरा चढवला. "आज वाकल्यासारखे दिसता, काका."

"वय झालं."

"काही लागलं तर सांगा हं."

"ऐक, जरा..." वैद्य म्हणाला, तोवर सायकल वळणाआड गेली होती.

वैद्याने दोन बोटं मलम घेतलं. हात खांद्यावरून नेऊन पाहिला, काखेखालून नेऊन पाहिला. दुखरी जागा वीतभर लांबच राहिली. अख्ख्या वस्तीच्या पाठी त्याला तोंडपाठ होत्या. स्वतःची तेवढी हाताला लागेना.

शेवटी त्याने ते मलम दाराच्या चौकटीला फासलं, सदरा वर केला आणि पाठ टेकवून सावकाश वरखाली होऊ लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लांब राहणारी मुलगी होती; पडल्याचं तिला कालच फोनवर कळलं होतं.

"बाबा, पाठीला मलम लावलंत का?"

"लावतोय की आत्ताच."

"स्वतःच? तुमचा हात कसा पोचेल? कुणी आहे का तिथे?"

"आहे एकजण. दारातच उभा असतो."

"बरं झालं बाई! नीट चोळतोय ना?"

"हात जरा खरखरीत आहे," वैद्य म्हणाला. "पण घाई नाही त्याला."