चाळीस सेकंद

शिट्टी वाजली आणि बत्तीस बायका ओळीनं, कुणी कुणाला न ढकलता, मागच्या दारातून बाहेर आल्या. चाळीस सेकंद! आग लागली तर बाहेर कसं पडायचं, हे प्रशिक्षण आधी देगलूरच्या या एका कापसाच्या जिनिंगमध्ये करून बघायचं आणि जमलं तर मालकाच्या बाकीच्या सहा जिनिंगमध्ये न्यायचं, असं ठरलं होतं. जमलं होतं. बायका पुन्हा कामाला लागल्या आणि मी मोबाईलवरून 'यशस्वी' असा अहवाल पाठवून दिला.

गाडीत बसणार तोच वहिदाआपा धावत आल्या. सगळ्यांत लवकर शिकल्या होत्या त्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मॅडम, उद्याबी या."

"आता कशाला? तुम्हाला सगळं येतंय की."

"न्हाई येत. बायकांना कायबी जमंना, असं लिवा. नापास करा आमाला."

"अहो आपा, चाळीस सेकंदांत बाहेर आलात तुम्ही!"

"हात जोडते मॅडम. कापसाचा सीझन हाय तवर रोज या. शिकवू नका, नुसतं बसून ऱ्हावा."

मला हसू आलं. "एवढं आवडलं प्रशिक्षण?"

त्यांनी मागं बोट दाखवलं. मुकादम मागच्या दाराला कुलूप घालत होता.

"रुई चोरीला जाती म्हून बंदच असतंय ते दार. तुमी होता तवरच उघडं होतं."